सोलापूरचे विमानतळ आणि कारखान्याची चिमणी



गट ऑफिसात, वजनकाट्यावर, उसाच्या गाड्या नंबराला थांबल्या की तिथे, हल्ली एक विषय हमखास निघतो. सोलापूरला विमान सुरू झाले, आणि त्याआधी तिथल्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी पाडली. कोणी म्हणतो, "विमानासाठी कारखाना मोडला." कोणी म्हणतो, "चिमणी बेकायदाच होती, जायचीच होती." दोन्हीकडून आवाज चढतात. पण चिमणी विमानाला नेमकी आडवी कशी येते, किती उंचीला येते, कुठल्या नियमाने येते, असं विचारलं की मंडळी गप्प.

आम्हाला वाटते, हा विषय आपण नीट समजून घेतला पाहिजे. सिद्धेश्वर आपला कारखाना नव्हे, सोलापूर आपले गाव नव्हे, हे खरे. पण चिमणी आपल्यालाही आहे, सहवीजनिर्मितीची भाषा आपल्या वार्षिक सभेतही होते, आणि नवी विमानतळे, जुन्या धावपट्ट्यांची वाढ हे विषय आता प्रत्येक जिल्ह्यात निघू लागले आहेत. तेव्हा कोणाची बाजू घेण्याआधी गोष्ट काय आहे ती पाहू.

होटगी रस्त्यावरची धावपट्टी

सोलापूरचे हे विमानतळ शहराच्या दक्षिणेला होटगी रस्त्यावर आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ४८० मीटर. धावपट्टी एकच, दोन किलोमीटरपेक्षा थोडी अधिक. तिच्या एका टोकावर १५ आणि दुसऱ्या टोकावर ३३ असे मोठे आकडे रंगवलेले असतात. हे आकडे म्हणजे होकायंत्राची दिशा, शेवटचे शून्य गाळून. १५ म्हणजे १५० अंश, साधारण दक्षिण-आग्नेयेकडे तोंड. ३३ म्हणजे ३३० अंश, उत्तर-वायव्येकडे. हे आकडे ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

या धावपट्टीवर वर्षानुवर्षे मंत्री, पुढारी, उद्योगपती यांची खासगी विमाने आणि हेलिकॉप्टरे तेवढी उतरत. २००० च्या दशकाच्या अखेरीस किंगफिशर कंपनीने मुंबईची सेवा सुरू केली. ती काही काळ चालली, बंद पडली, आणि पुढे ती कंपनीच बुडाली. मग पुन्हा सामसूम.

सोलापूरकरांना हे लागत होते, आणि ते साहजिक होते. एके काळी कापडगिरण्यांचे शहर, चादरीचे शहर. भोवती पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर ही देवस्थाने. जिल्ह्यात साखर कारखाने तर राज्यात सर्वांत जास्त. आणि आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आपल्या देशात विमानाचा पहिला कारखाना काढला तो वालचंद हिराचंद यांनी. १९४० साली बंगलोरला, म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने, हिंदुस्थान एअरक्राफ्ट या नावाने. तीच संस्था आज हिंदुस्थान एरोनॉटिक्स. हे वालचंदशेठ जन्माने सोलापूरचे, १८८२ सालचे. आणि रावळगाव, वालचंदनगर येथे साखर कारखाने काढणारेही तेच. साखर आणि विमान ही जोडी सोलापूरच्या एका माणसाने पूर्वीच जमवली होती म्हणायची. तिचे भांडण पुढे त्याच गावात लागले.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये 'उडान' योजना जाहीर केली. छोट्या गावांची बंद किंवा ओस पडलेली विमानतळे चालू करायची, तासाभराच्या प्रवासाला निम्म्या तरी जागांचे भाडे अडीच हजारांच्या आसपास ठेवायचे, आणि कंपनीला येणारी तूट सरकारने भरून द्यायची, असा बेत. २७ एप्रिल २०१७ ला या योजनेची पहिली विमाने उडाली, त्यांत आपल्याकडचे नांदेड-हैदराबाद हे एक होते. सोलापूरचे नावही पहिल्याच फेरीच्या यादीत आले. पण नांदेड उडाले, कोल्हापूर २०१८ मध्ये उडाले, सोलापूर जागेवरच. कारण विमानतळाला लागूनच असलेल्या कुमठे परिसरात सिद्धेश्वर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंच चिमणी उभी होती.

चिमणी एवढी उंच कशाला?

हा प्रश्न शहरातल्या माणसाला पडतो, आपल्याला पडायला नको. पण नव्या सभासदांसाठी सांगतो.

शंभर टन ऊस गाळला की २८ ते ३० टन बगॅस निघते. पूर्वी बॉयलर कमी दाबाचे, २१ किंवा ३२ किलोचे. बगॅस जाळायची, वाफ करायची, त्यावर मिल चालवायची, रस उकळायचा आणि उरलेली बगॅस कागदवाल्याला विकायची. पुढे ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर आले. त्याच बगॅसमध्ये कारखाना चालून वर विकण्याइतकी वीज निघू लागली. साखरेच्या भावाचा भरवसा नाही, विजेचे बिल मात्र ठरलेल्या दराने येते, म्हणून कारखान्यांनी कर्ज काढून, सभासदांच्या भागभांडवलावर, कुठे उसाच्या बिलातून ठेव कापून हे प्रकल्प उभे केले. सिद्धेश्वरचा प्रकल्प ३८ मेगावॅटचा. लहान नव्हे.

आता चिमणी. जुन्या काळी चिमणी उंच असे ती ओढीसाठी. भट्टीला हवा ओढली गेली पाहिजे. आता ते काम आय.डी. फॅन करतो. तरी चिमणी उंच ठेवावी लागते, कारण धूर आणि राख गावावर, शेतावर पडू नये. ती किती उंच असावी हे प्रदूषण नियंत्रणाच्या सूत्राने ठरते. तासाला किती राख आणि किती गंधकाचा वायू बाहेर पडतो ते धरायचे, त्यावरून मीटर काढायचे. बॉयलर मोठा, धूर जास्त, की चिमणी उंच. म्हणजे कारखान्याला हौस आली म्हणून ९० मीटरची चिमणी कोणी बांधत नाही. ती बांधायला कोट्यवधी रुपये लागतात. एक कायदा सांगतो "वर जा", म्हणून ती वर जाते.

आणि दुसरा कायदा सांगतो "खाली ये".

आकाशातली काहील

विमानतळ म्हणजे कुंपणाच्या आतली जमीन एवढंच आपण समजतो. तसं नाही. जमिनीपेक्षा विमानतळाला आकाश जास्त लागते, आणि ते आकाश कुंपणाच्या बाहेर, दुसऱ्यांच्या शेतावर, घरावर, कारखान्यावर पसरलेले असते.

हे आकाश कसं आखलं आहे ते गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला चटकन कळेल. गुळाची काहील डोळ्यांपुढे आणा. सपाट तळ, भोवती बाहेरच्या बाजूला कललेली कड. अशी एक प्रचंड काहील विमानतळाच्या वर हवेत टांगली आहे असे समजा. तिचा तळ विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवर, आणि मोठ्या धावपट्टीभोवती तो तळ ४ किलोमीटरपर्यंत पसरलेला. तिथून पुढे कड चढत जाते, दर २० मीटरला १ मीटर, आणि ६ किलोमीटरवर १४५ मीटरपर्यंत पोहोचते. काहिलीच्या खाली काय बांधायचे ते बांधा. तळाला भोक पडेल असे काही नको.

यातच धावपट्टीच्या दोन्ही टोकांना आणखी एक कडक गोष्ट असते. विमान ज्या वाटेने उतरते त्या वाटेखाली, धावपट्टीच्या टोकाजवळून निघून बाहेर रुंदावत जाणारा एक उतार धरलेला असतो. दर ४० ते ५० मीटरला १ मीटर एवढाच चढणारा. म्हणजे टोकापासून एक किलोमीटरवर सगळी परवानगी वीस-पंचवीस मीटरची. नारळाचे उंच झाडसुद्धा तिथे अडचण करू शकते.

लक्षात घ्या, हे नियम सोलापूरसाठी कोणी मुद्दाम केलेले नाहीत. जगभरच्या विमानतळांना हेच. ४५ मीटर तळाच्या खाली ९० मीटरची चिमणी बसत नाही, याला कोणाचा इलाज नाही. आणि एक गंमत अशी की ही उंची चिमणीच्या पायापासून मोजत नाहीत, समुद्रसपाटीपासून मोजतात. तुमचा कारखाना माळावर असेल आणि विमानतळ खोलगट जागी, तर ३० मीटरची चिमणीही अडेल. उलट कारखाना ओढ्याकाठी असेल तर जास्त उंची चालून जाईल.

वैमानिकाला तेवढं दिसत नाही काय?

आमच्याकडे येणारा हा नेहमीचा प्रश्न. "चिमणीला लाल-पांढरे पट्टे मारा, वर लाल दिवा लावा, वैमानिक वळवील की!" पट्टे आणि दिवे हवेतच, पण ते काहिलीच्या आत बसणाऱ्या उंच वस्तूंसाठी जादा काळजी म्हणून. जी वस्तू वाटेत आहे ती रंगवल्याने वाटेतून बाजूला होत नाही.

हिशेब करून पाहू. प्रवासी विमान साधारण ३ अंशाच्या उताराने खाली येते. म्हणजे किलोमीटरला सुमारे ५२ मीटर. जिथे चाके टेकायची त्या जागेपासून २ किलोमीटरवर ते असेल १०५ मीटरच्या आसपास, दीड किलोमीटरवर ८० मीटरच्या खाली. त्या वेळी त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या घरात. पावसाळी ढग, गाळप हंगामातले सकाळचे धुके, अशा वेळी ९० मीटरची वस्तू जवळपास असणे म्हणजे काय, ते सांगायला नको.

उतरताना निदान दोन्ही इंजिने चालू असतात. खरी कसोटी उडताना. नियम असा आहे की विमान जमीन सोडण्याच्या ऐन वेळी एक इंजिन बंद पडले, तरी उरलेल्या एका इंजिनावर ते सर्व अडथळ्यांच्या वरून सुरक्षित गेले पाहिजे, आणि हा हिशेब प्रत्येक उड्डाणाआधी करायचा. दोन इंजिनांच्या विमानाला अशा वेळी १०० मीटर पुढे गेल्यावर जेमतेम अडीच मीटर चढता यावे लागते. हिशेबात तर त्यातूनही कपात करून १.६ मीटरच धरतात. म्हणजे २ किलोमीटर गेल्यावर धरायची उंची ४०-४५ मीटर. चिमणी तिच्या दुप्पट. वळसा घालून जाता येते, नाही असे नाही. पण एका इंजिनावर इतक्या खाली वळायचे म्हणजे वजन कमी घ्यावे लागते. वजन कमी म्हणजे प्रवासी कमी, आणि प्रवासी कमी म्हणजे तोटा.

त्यात सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ पर्यंत जातो. तापलेली हवा विरळ, विरळ हवेत पंखाला उचल कमी आणि इंजिनाला दम कमी. कोकणातल्या समुद्रकाठच्या धावपट्टीवर जे विमान भरून उडते, त्याला सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी बाराला काही वजन उतरवावे लागू शकते.

मग धावपट्टीच्या दुसऱ्याच टोकाने ये-जा केली तर? आता ते १५ आणि ३३ चे आकडे आठवा. विमान उतरते आणि उडते ते वाऱ्याला सामोरे जाऊन. वारा पाठीमागून आला तर धावपट्टी जास्त खाल्ली जाते, म्हणून सर्वसाधारणपणे पाठचा वारा ताशी १८ किलोमीटरपर्यंतच चालवून घेतात. वारा काही कारखान्याची चिमणी पाहून दिशा बदलत नाही. एकाच बाजूवर कायमचे वेळापत्रक बांधणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नसते. आज विमान आले, उद्या नाही, परवा रिकामे परत गेले, असे झाले की प्रवासी पुन्हा रेल्वेकडे वळतो.

१५ जून २०२३

कोर्टकचेऱ्या, सुनावण्या, नोटिसा, उपोषणे, मोर्चे यांत वर्षे गेली. शहरातले लोक म्हणत, एका चिमणीपायी लाखो लोकांचे विमान अडले. कारखान्याच्या बाजूने म्हणणे असे की बोरामणीला नवे मोठे विमानतळ व्हायचेच आहे, त्यासाठी जमीनही घेतली आहे. मग या जुन्या धावपट्टीसाठी हजारो ऊस उत्पादकांचा चालू प्रकल्प का मोडता? महापालिकेचे म्हणणे, चिमणी रीतसर परवानगीशिवाय बांधली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे म्हणणे, ती उड्डाणाला अडथळा आहे.

अखेर १५ जून २०२३ रोजी मोठ्या पोलीस बंदोबस्तात महापालिकेने नियंत्रित स्फोट करून ती चिमणी पाडली. उभारायला महिनोन्‌महिने लागलेली चिमणी काही सेकंदांत धुळीत बसली. शहरात काही ठिकाणी आनंद झाला. कारखान्याच्या सभासदांनी पुढे निषेधाचा मोर्चा काढला. त्या दिवसाची चित्रे आपणापैकी अनेकांनी पाहिली असतील. ज्याने उसाच्या पैशातून कारखाना उभा राहताना पाहिला आहे त्याला ती बघवली नसणार. आम्हालाही बघवली नाहीत.

पण वाईट वाटणे वेगळे आणि हिशेब वेगळा. आमचे स्पष्ट मत असे, की या प्रकरणात दोष उंचीपेक्षा वेळेचा अधिक होता. विमानतळ आधी होते, चिमणी नंतर झाली. चिमणीचा पाया खणण्याआधी एका टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवायला हवे होते: एक प्रदूषणाच्या सूत्राने काढलेली उंची, दुसरा विमानतळाच्या काहिलीचा नकाशा. त्या दिवशी फार तर जागा दोन-चार किलोमीटर हलवण्याचा, नाही तर बॉयलर लहान करून राख पकडण्याची यंत्रणा वाढवण्याचा प्रश्न उरला असता. पाया भरल्यावर तो प्रश्न कोट्यवधींचा झाला, धूर निघू लागल्यावर हजारो सभासदांचा झाला, आणि मग कोर्टाचा. सरकारी खातीही इथे सुटत नाहीत. एवढा मोठा मनोरा वाढत असताना रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो दिसत होता.

चिमणी पडली, म्हणून विमान आले काय?

लगेच नाही. यातही पुष्कळांचा गैरसमज आहे. चिमणी पडली जून २०२३ मध्ये, आणि पहिले नियमित विमान उडाले ९ जून २०२५ ला, गोव्याला. मध्ये दोन वर्षे गेली. धावपट्टीचा पृष्ठभाग नवा करणे, कुंपण, प्रवाशांची इमारत, अग्निशमन, सुरक्षा, आणि सर्वांवर महासंचालनालयाचा परवाना, ही कामे त्यात झाली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरचित्रप्रणालीवरून उद्घाटन केले, तरी विमानाला आणखी आठ महिने लागले. गोव्याची सेवा 'फ्लाय९१' या कंपनीने एटीआर जातीच्या सत्तरेक आसनांच्या पंख्याच्या विमानाने सुरू केली. पुढे १५ ऑक्टोबर २०२५ पासून 'स्टार एअर'ने मुंबईची सेवा सुरू केली.

आता छोटे विमानतळ चालते कसे, तेही थोडक्यात पाहू, कारण "विमान आले की भाग उजळला" असे भाषणात सांगणे सोपे असते. सत्तर आसनांच्या विमानात चाळीस माणसे बसली तर कंपनीचा सगळा खर्च निघणे कठीण. म्हणून उडान योजनेत सरकार तूट भरून देते. त्यातला मोठा वाटा केंद्राच्या निधीतून, आणि तो निधी मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर आकार बसवून जमवलेला. उरलेला सुमारे पाचवा वाटा राज्याचा. शिवाय राज्य विमानाच्या इंधनावरचा कर एक टक्क्यावर आणते, पोलीस आणि अग्निशमन देते. मदतीची मुदत साधारण तीन वर्षांची. तोवर प्रवासी जमले तर सेवा पायावर उभी राहते, नाही तर कंपनी विमान उचलून दुसरीकडे नेते.

कोल्हापूरचेच पहा. उजळाईवाडीचे विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेले, उद्घाटन १९३९ चे. १९८० च्या दशकात 'वायुदूत'ची विमाने तिथे येत. मग बंद. पुन्हा दुसऱ्या कंपन्या आल्या, पुन्हा बंद. २०११ नंतर कित्येक वर्षे नियमित विमान नाही. २०१८ पासून पुन्हा सुरू झाले, हळूहळू मार्ग वाढले, आणि मार्च २०२४ मध्ये नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. राजाने बांधलेले आणि उद्योगधंद्यांनी गजबजलेल्या गावचे विमानतळ. त्यालाही स्थिर व्हायला एवढी वर्षे लागली. सोलापूरने त्या मानाने आता कुठे पहिले पाऊल टाकले आहे.

शेतकऱ्याला याचा उपयोग काय, असे विचाराल तर ऊस काही विमानाने जात नाही! डाळिंब, द्राक्षे जातील असे सांगितले जाते. पण एटीआरच्या पोटात मालाची जागा थोडी, आणि फळांना थंड साठवण, तपासणी, वेळेवर गाडी ही सगळी साखळी लागते. ती उभी राहिली तर फायदा आहे. आज तरी या विमानाचा खरा ग्राहक म्हणजे व्यापारी, रुग्ण, नोकरीवाली मुले आणि देवदर्शनाला येणारे भाविक. हेही कमी नाही, पण जे आहे तेच सांगावे.

बोरामणीचा प्रश्न तर वेगळाच निघाला. शेतकऱ्यांकडून तिथे मोठे क्षेत्र घेतले गेले, पण मधले काही क्षेत्र वनखात्याचे, आणि सोलापूरचा माळ म्हणजे माळढोक पक्ष्याचे घर. हा पक्षी देशात आता फार थोडा उरला आहे. म्हणून वनजमिनीची परवानगी अडली. एका विमानतळाला कारखान्याची चिमणी आडवी आली आणि दुसऱ्याला माळावरचा पक्षी! नशिबाची थट्टा म्हणायची, दुसरे काय.

आपल्यापुरते काय करायचे

केंद्र सरकारने २०१५ मध्ये विमानतळांभोवतीच्या उंचीबाबत नियम केले आहेत. विमानतळाच्या साधारण २० किलोमीटरच्या आत चिमणी, उंच टाकी, मोबाईलचा मनोरा किंवा उंच इमारत बांधायची असेल तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. बहुतेक चालू विमानतळांचे रंगीत नकाशे तयार आहेत. कोणत्या रंगाच्या पट्ट्यात किती उंचीपर्यंत स्थानिक संस्थाच परवानगी देऊ शकते आणि कुठे प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो, ते त्यावर दिसते. अर्ज संगणकावरून करता येतो. त्यासाठी जागेचे अक्षांश-रेखांश आणि जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून घ्यावी लागते. ही मोजणी जाणकार माणसाकडूनच करावी. अंदाजाने लिहिलेला आकडा पुढे आपल्याच अंगावर येतो. दाखल्याला मुदत असते, तीही पाहावी. आणि नुसते आजचे विमानतळ पाहून भागत नाही. शेजारच्या धावपट्टीची वाढ किंवा नवे विमानतळ प्रस्तावित असेल तर त्याचाही नकाशा मागवावा.

अडथळा ठरलेले बांधकाम किंवा झाड काढून टाकण्याबाबतही नियम आहेत. त्यांप्रमाणे मालकाला आधी नोटीस येते आणि म्हणणे मांडण्याची संधी मिळते. अशी नोटीस आली तर ती फडताळात ठेवू नये. झाड असेल तरी उत्तर द्यावे.

ज्या सभासदांची शेते कुठल्याही चालू विमानतळाच्या जवळ आहेत त्यांनी आणखी तीन गोष्टी पाळाव्यात. उसावर ड्रोनने फवारणी करून घेताना तो भाग मनाईच्या पट्ट्यात येतो का, ते ड्रोनवाल्याला सरकारी नकाशावर आधी दाखवायला सांगावे. परवानगी लागत असेल तर ती त्यानेच आणावी, आणि काम ठरवतानाच तसे बोलून घ्यावे. पाचट पेटवू नये. जमिनीसाठी ते वाईट हे आम्ही या पानांतून वारंवार लिहिले आहे, पण धावपट्टीजवळ तो धूर वैमानिकाची नजर बंद करतो. आणि मेलेले जनावर, कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकू नये. त्यावर घारी जमतात, आणि ताशी दोनशे किलोमीटरने येणाऱ्या विमानाच्या इंजिनात एक घार गेली तरी ते इंजिन बंद पडू शकते. मग उरलेल्या एका इंजिनाचा तो वर दिलेला हिशेब खरोखरीच करायची पाळी येते.